प्रस्ताव तिसऱ्यांदा परत आला. साताऱ्यात राहून संशोधनाचा पैसा मिळवायचा तर आधी काय लागतं?

वायतुरा

नमस्कार मंडळी.

मी साताऱ्यातल्या एका महाविद्यालयात एकोणीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवतो. परवा माझा संशोधन प्रकल्पाचा प्रस्ताव तिसऱ्यांदा नामंजूर होऊन आला. दोन दिवस काही सुचलं नाही. मग वाटलं, सातारा-सांगलीकडची शिकवणारी, शिकणारी, कार्यालयात काम करणारी बरीच मंडळी इथे आहेत, त्यांच्यासमोर सगळं मांडावं.

आधी विषय सांगतो, कारण माझा जीव त्यातच आहे. कासच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, जांभ्याच्या खोलगट भागांत पावसाळ्यात पाणी साठतं आणि तिथे वायतुरा फुलतो. वाय अक्षरासारखा दुभंगलेला तुरा. शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस. १९८२ मध्ये ही वेगळी जाती म्हणून नोंदवली गेली, तीही आपल्या जिल्ह्याच्या नावाने. पाणी आटलं की कंद मातीत निजून राहतो. माझा प्रश्न इतकाच होता: पाऊस उशिरा आला, किंवा जुलैत पंधरा-वीस दिवस उघडीप पडली, तर हा कंद किती वेळा फसवला जाऊ शकतो? एकदा कोंब फुटून वाळला तर पुन्हा फुटायची ताकद त्यात उरते का? कास २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. दर सप्टेंबरला हजारो लोक फुलं बघायला येतात. कंदाचं काय होतंय हे बघायला कुणीतरी बारा महिने तिथे जायला हवं, आणि मी तिथून पंचवीस किलोमीटरवर राहतो.

मागणी काय होती? तापमान-आर्द्रता राखणारं एक वाढकक्ष, एक प्रकल्प सहायक, प्रवासखर्च, थोडी रसायनं. परीक्षकांचे शेरे आले. एकाने लिहिलंय की प्रश्न महत्त्वाचा आहे आणि स्थळ योग्य आहे. दुसऱ्याने लिहिलंय की संस्थेत आवश्यक उपकरण नाही, प्रमुख संशोधकाच्या नावावर पूर्ण झालेला एकही प्रकल्प नाही, त्यामुळे काम पार पडण्याबद्दल शंका वाटते. उपकरण नाही म्हणून तर मागितलं होतं. आणि पूर्ण झालेला प्रकल्प का नाही, त्याची गोष्ट पुढे सांगतो.

हे एकट्या माझ्यापुरतं असतं तर धागा काढला नसता. २०२१ मध्ये साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं, तीन जुनी महाविद्यालयं एकत्र येऊन. मी तिथला नाही, पण आपल्या गावाला विद्यापीठ मिळालं याचा आनंद मलाही झाला. त्याआधी १९६२ पासून सातारा, सांगली, कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांचं छत्र म्हणजे शिवाजी विद्यापीठ. आता प्रत्येक विद्यापीठाचं मोजमाप होतं. एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत, विद्यापीठांच्या शंभर गुणांपैकी तीस संशोधनाचे. त्या तीसच्या आत पुन्हा शोधनिबंधांची संख्या, त्यांचा दर्जा, पेटंट, आणि बाहेरून आणलेले प्रकल्प व सल्लाकामाचा पैसा. म्हणजे स्पर्धेतून निधी आणता आला नाही तर क्रम खाली, आणि क्रम खाली असला की पुढच्या योजनेच्या दारात उभं राहणं अवघड.

पैसाही मुळात थोडा. २०२०-२१ मध्ये देशाचा संशोधनावरचा खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के होता आणि त्यात उच्च शिक्षण संस्थांचा वाटा ८.८ टक्के. त्या वाट्यात आयआयटी आहेत, केंद्रीय विद्यापीठं आहेत. उरलेल्यात आपण.

आता माझी जुनी गोष्ट. २०१५ मध्ये मला यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, एक लघु प्रकल्प मिळाला होता. पहिला हप्ता आला, काम सुरू झालं, सड्यावरच्या चौदा डबक्यांची दोन वर्षांची नोंद माझ्याकडे अजून आहे. दुसरा हप्ता कधीच आला नाही, कारण आमच्या महाविद्यालयाकडून उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचा दाखला, वेळेत गेलं नाही. मी लेखा विभागात किती चकरा मारल्या ते मोजलं नाही. दर वेळी 'सर, पुढच्या आठवड्यात बघू'. शेवटी योजनाच बंद झाली आणि प्रकल्प कागदावर अपूर्ण राहिला. आज दिल्लीतला परीक्षक म्हणतो, यांच्या नावावर पूर्ण प्रकल्प नाही. त्याचं चूक नाही. त्याच्यासमोर तेवढंच आहे.

माझं मत स्पष्ट सांगतो. आपल्याकडे संशोधन अडतं ते कार्यालयात. डोकी आहेत, विषय आहेत, पण पैसा आणून तो नीट खर्च करून हिशेब देणारी यंत्रणा नाही, आणि लेखा विभागातल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. तुमचे अनुभव काय आहेत?

मिरजेचा_तंबोरा

सर, आधी नोंदवही जपून ठेवा. चौदा डबक्यांची दोन वर्षांची नोंद हा प्रस्तावाचा पाया आहे. माझ्या पहिल्या प्रस्तावाला तेवढंही नव्हतं.

मी सांगलीत पदार्थविज्ञान शिकवतो. मोठा प्रकल्प मिळत नसेल तर आधी 'टेअर' योजनेसारखी वाट धरावी, असं माझं मत आहे. २०१७ पासूनची योजना. महाविद्यालयातल्या कायम शिक्षकाने वर्षातले किमान नव्वद दिवस मोठ्या संस्थेत जाऊन काम करायचं, तीन वर्षं. वर्षाला पाच लाखांचं संशोधन अनुदान, ते यजमान संस्था आणि आपली संस्था यांत निम्मं निम्मं, आणि शिक्षकाला वर्षाला साठ हजार वेगळे. साताऱ्याहून पुणं एकशे दहा किलोमीटर. तिथे एनसीएल ही राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळा आहे, आयसर ही विज्ञान संस्था आहे, वनस्पतींसाठी आघारकर संस्था आहे. वाढकक्ष त्यांच्याकडे असेल, सड्याची ओळख तुमच्याकडे आहे. अशी जोडी परीक्षकाला पटते.

उपकरणांचंही तसंच. प्रत्येक महाविद्यालयाने स्वतःचं एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणारं यंत्र) घ्यायचा हट्ट सोडावा. शिवाजी विद्यापीठात केंद्र सरकारच्या मदतीने उभारलेलं प्रगत उपकरण केंद्र आहे, नमुने पैसे भरून तपासून मिळतात. देशभरात कुठे कोणतं यंत्र मोकळं आहे ते 'आय-स्टेम' या पोर्टलवर दिसतं. मी दोन वर्षं एसटीने नमुने घेऊन कोल्हापूरला जात होतो, आणि त्यातून चार चांगले निबंध झाले.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या भोपळ्याच्या भिंतीची जाडी, जवारी लावताना घोडीचा (तारांखालच्या पट्टीचा) उतार आणि निघणारा सूर यांचं मोजमाप करायचं माझ्या मनात आहे. कारागीर मापं घ्यायला तयार आहेत. प्रस्ताव लिहितोय, म्हणून हा धागा मी शेवटपर्यंत वाचणार.

बागायतदार_तासगाव

सर लोकहो, मी शिकलेला बारावी. पण विषय आमच्या जवळचा हाय म्हणून लिहितो.

आमच्याकडं द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की पावसाची धास्ती. फुलोऱ्यात दोन दिवस ढगाळ राहिलं की दावण्या रोग आलाच. औषधं मारून मारून खर्च वाढतो आणि मग निर्यातीला रेसिड्यूत, म्हंजे औषधाच्या अंशाच्या तपासणीत, माल नापास. दरवर्षी कुठलं ना कुठलं कॉलेज येतं, मुलं फॉर्म भरून घेतात, माती नेतात. पुढं काय झालं ते कधीच कळत नाही. माझ्या रानातली माती चार वेळा गेली, एकदाबी कागद परत आला नाही.

दुसरी गोष्ट. तास-ए-गणेश ही जात आमच्या तासगावच्याच शेतकऱ्यानं थॉम्पसनच्या वेलीतनं निवडून काढली. आज राज्यभर लागवड हाय. बेदाण्याला २०१६ ला आणि सांगलीच्या हळदीला २०१८ ला मानांकन आलं. म्हणजे इथं संशोधनाला विषय कमी न्हाईत. तुम्ही पैसा आणा, पण आम्हाला आधी इचारा की अडचण काय हाय. आणि निकाल सांगायला परत या.

वायतुरा

दादा, माती नेऊन कागद परत न देणं ही आमची चूक आहे. माझ्या विद्यार्थ्यांनीही अशी सर्वेक्षणं केली आहेत. मान्य करतो.

कृष्णाकाठचा_इंग्लंडात

मूळ इस्लामपूरचा, सध्या ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करतो. इथली पद्धत सांगतो, तुलना तुम्ही करा.

इथे दर काही वर्षांनी सगळ्या विद्यापीठांच्या संशोधनाचं मूल्यमापन होतं, त्याला 'रेफ' म्हणतात. २०२१ च्या फेरीत निबंध-पुस्तकांना साठ टक्के, समाजावर झालेल्या परिणामाला पंचवीस टक्के आणि संशोधनाच्या वातावरणाला पंधरा टक्के वजन होतं. त्या निकालावर सरकार विद्यापीठाला एकठोक निधी देतं, तो कशावर खर्चायचा ते विद्यापीठ ठरवतं. त्याखेरीज स्पर्धेतून मिळणारे प्रकल्प वेगळे. म्हणजे निधीचे दोन पाय आहेत. एका वर्षी प्रकल्प मिळाले नाहीत म्हणून प्रयोगशाळा बंद पडत नाही.

तासगावच्या दादांनी जे लिहिलंय, त्यालाच इथे परिणामाचे पंचवीस टक्के म्हणतात. विद्यापीठाला दाखवून द्यावं लागतं की आमच्या कामामुळे अमक्या लोकांचं अमकं बदललं.

आणि वायतुरा सर, तुमच्या मुद्द्याबद्दल: इथे प्रस्ताव लिहिताना माझ्याबरोबर संशोधन कार्यालयातली एक बाई बसते. अंदाजपत्रक ती करते. मंजुरी आली की खर्चाचं खातं, अहवालाच्या तारखा, सगळं तिच्याकडे. ती नसती तर मीही तुमच्यासारखाच अडकलो असतो. अर्थात इथेही सगळं सुखाचं नाही. संशोधन परिषदा प्रकल्पाच्या पूर्ण खर्चाच्या साधारण ऐंशी टक्के देतात, बाकीचा भार विद्यापीठावर, आणि सध्या अनेक विद्यापीठं तोट्यात आहेत.

नेट_सेट_२०११

तुम्ही सगळे कायम नोकरीतले आहात म्हणून एक गोष्ट सुटतेय.

मी रसायनशास्त्रात पीएचडी आहे. २०११ मध्ये सेट ही प्राध्यापक पात्रतेची परीक्षा पास झालो. तेव्हापासून कराड आणि साताऱ्यातल्या वेगवेगळ्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवतोय. जून-जुलैत मुलाखत, एप्रिलमध्ये काम संपलं, पुन्हा पुढच्या वर्षी नवी नेमणूक. माझे नऊ निबंध आहेत. पण प्रमुख संशोधक म्हणून अर्ज करायला कायम नेमणूक लागते. मी लिहिलेले दोन प्रस्ताव माझ्या नावाने गेलेच नाहीत, दुसऱ्यांच्या नावाने गेले. एक मंजूर झाला. त्यात माझं नाव सहसंशोधक म्हणूनही बसवता आलं नाही.

सीएचबीवाल्यांवर, म्हणजे आमच्यासारख्या तासिकेवाल्यांवर, निम्मा विभाग चालत असेल तर त्या विभागाच्या संशोधनाला निम्मीच माणसं उरतात. कितीही चांगलं कार्यालय उभारलंत तरी अर्ज करणारा माणूस कायम हवा. भरती हा पहिला प्रश्न आहे आणि बाकीचं नंतर.

मिरजेचा_तंबोरा

तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. माझ्या विभागात मंजूर जागा सात, कायम आम्ही तिघे. प्रकल्प लिहायला उन्हाळ्याची सुट्टी तेवढी मिळते, तीही पेपर तपासणीत जाते.

खतावणी

मी हा धागा काल रात्री वाचला आणि झोप लागली नाही. वायतुरा सर, तुम्ही माझ्या महाविद्यालयातले नाही असं मला वाटतं, पण तुम्ही लिहिलेला प्रत्येक शब्द मला माझ्याबद्दल वाटला. मी सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात लेखा विभागात वरिष्ठ लिपिक आहे. 'सर, पुढच्या आठवड्यात बघू' हे मीही म्हटलंय. ते का म्हणावं लागतं ते लिहिते.

माझ्या टेबलावर काय असतं? पगारबिलं, म्हणजे सेवार्थ. शिष्यवृत्तीचे अर्ज, म्हणजे महाडीबीटी. परीक्षा फी, प्रवेश फी, फी परतावा, भविष्यनिर्वाह निधी, ऑडिटच्या शंका. यातल्या प्रत्येकाला तारीख आहे आणि ती चुकली की शेकडो मुलांचं किंवा साठ घरांचं नुकसान होतं. त्यात एक दिवस प्राध्यापक येतात आणि सांगतात, मॅडम, प्रकल्प मंजूर झाला. अभिनंदन करते. मग आठ महिने काही नाही. आणि मार्चच्या वीस तारखेला बिलांचा गठ्ठा येतो.

मंजुरीपत्र मला कुणी देत नाही, सर. ते प्राध्यापकांच्या ईमेलला येतं आणि तिथेच राहतं. त्यात लिहिलेलं असतं की उपकरणाला इतके, मनुष्यबळाला इतके, रसायनांना इतके, प्रवासाला इतके, किरकोळ खर्चाला इतके. एका शीर्षातला पैसा दुसऱ्या शीर्षात परवानगीशिवाय जात नाही. मला हे माहीत नसेल तर मी बिल पास करते आणि मग प्रवासाच्या शीर्षात उणे शिल्लक येते. उपयोगिता प्रमाणपत्राचा नमुना १२-अ, त्यात भांडवली खर्च वेगळा आणि सर्वसाधारण वेगळा दाखवायचा. खर्चाचं विवरण आणि प्रमाणपत्र यांतला आकडा रुपयाने जरी चुकला तरी परत येतं. खात्यावर व्याज जमा झालं असेल तर ते आपलं नसतं, भारतकोश या सरकारी भरणा पोर्टलवर भरून पावती जोडायची. हे मला कुणी शिकवलं नाही. एकदा एका सरांचा हप्ता व्याजामुळे अडला तेव्हा मी स्वतः फोन करून करून शोधलं.

खरेदीचं तर विचारूच नका. जेम या सरकारी खरेदी पोर्टलवर ती वस्तू आहे का बघा, नसेल तर तसा दाखला काढा, दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, खरेदी समिती. जुलै २०२२ मध्ये संशोधन उपकरणांवरची पाच टक्के जीएसटीची सवलत गेली आणि आमच्या एका मॅडमचं यंत्र अठरा टक्क्यांत आलं. मंजुरी जुन्या दराची. तेरा टक्के कुठून आणायचे? ती फाईल माझ्या कपाटात सात महिने होती आणि सगळे म्हणत होते की लेखा विभागाने अडवली.

३१ मार्च आमच्यासाठी काय असतो ते प्राध्यापकांनी एकदा आमच्या खोलीत बसून बघावं. खात्यात न खर्चलेला पैसा परत जातो, तो पुढच्या वर्षी पुन्हा मागावा लागतो, आणि तोवर प्रकल्प सहायकाचं मानधन थांबतं. मानधन थांबलं की ती मुलगी माझ्याच खिडकीशी येऊन उभी राहते. तिला मी काय सांगायचं?

आम्हाला काही वाटत नाही हे वाक्य तुम्ही लिहिलंत, सर. प्रकल्पाच्या अहवालात शेवटी आभार असतात. प्राचार्यांचे, विभागप्रमुखांचे, निधी देणाऱ्यांचे. मी अकरा प्रकल्पांचे हिशेब केले. एकाही अहवालाची प्रत मी पाहिलेली नाही. त्यात काय शोधलं ते मला माहीत नाही.

बागायतदार_तासगाव

ताई, तुमचं आणि आमचं सारखंच झालं की. माती नेली, कागद आला न्हाई.

वायतुरा

खतावणी ताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला.

ते वाक्य मी मागे घेतो. रागात लिहिलं होतं आणि चुकीचं लिहिलं होतं. आज सकाळी मी २०१५ ची फाईल काढली. मंजुरीपत्राची प्रत मी लेखा विभागाला दिल्याची पोच शोधली. नाही सापडली. माझी पहिली बिलं दिलेल्याची तारीख आहे १९ मार्च. आमच्याकडे तेव्हा त्या टेबलावर जे होते ते आता निवृत्त झाले. त्यांना मी दहा वर्षं मनात दोष देत होतो. रविवारी त्यांच्या घरी जाऊन येणार आहे.

धाग्याच्या सुरुवातीला मी लिहिलं की संशोधन अडतं ते कार्यालयात. आता असं म्हणेन की माझ्या आणि कार्यालयाच्या मध्ये कुणी नाही, तिथे अडतं. इंग्लंडातल्या मित्राने जिचं वर्णन केलं, ती जागा आपल्याकडे रिकामी आहे.

वाईकर

चर्चा विज्ञानाकडे झुकली आहे म्हणून मानव्यविद्येची बाजू मांडतो.

मराठी विश्वकोशाचं काम वाईत बसून झालं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली, कृष्णेच्या काठी, मोठ्या शहरापासून दूर. धर्मकोशाचं काम त्याच गावात प्राज्ञपाठशाळेत झालं. आजच्या पद्धतीने या कामाला संशोधनाचे किती गुण मिळतील? क्रमवारीसाठी निबंध मोजले जातात ते स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या आंतरराष्ट्रीय सूचींमधल्या नोंदींवरून. मराठीत लिहिलेला संदर्भग्रंथ त्या जाळ्यात येतच नाही. माझी एक विद्यार्थिनी सातारच्या गादीच्या काळातल्या मोडी कागदांवर काम करते. तिने एक चांगला दीर्घ लेख मराठीत लिहिला, जो इथला प्रत्येक अभ्यासक वाचेल. विभागात तिला सांगण्यात आलं की हा कुठेच धरता येणार नाही, इंग्रजीत काहीतरी लिही. तिने आठ दिवसांत इंग्रजीत काहीतरी लिहिलं, पैसे भरून छापून आणलं, आणि ते धरलं गेलं.

यूजीसीने २०१८ मध्ये मान्य पत्रिकांची केअर यादी आणली ती असल्या पैसे घेऊन छापणाऱ्या पत्रिकांना आळा घालायला. २०२५ मध्ये ती यादीही बंद केली. आता पारख संस्थेने करायची.

निधीसाठी आम्हाला समाजविज्ञान परिषद आहे, इतिहास परिषद आहे. रकमा तुमच्यापेक्षा कितीतरी लहान. आम्हाला वाढकक्ष लागत नाही. स्कॅनर, कोल्हापूर-पुण्याच्या दप्तरखान्यांच्या वाऱ्या आणि मोडी वाचणाऱ्या दोन माणसांचं मानधन एवढ्यावर वर्षभराचं काम होतं. विद्यापीठाने स्वतःच्या निधीतून हे सहज द्यावं असं मला मनापासून वाटतं.

नेट_सेट_२०११

क्रमवारीत २०२५ पासून मागे घेतलेल्या निबंधांसाठी गुण कापायला लागलेत. ते बरं झालं. संख्येच्या मागे लागून काय काय छापलं गेलं ते आम्ही जवळून पाहिलंय.

कराडची_पोर

मी एमएससी भूशास्त्राची विद्यार्थिनी. एक वेगळी सूचना.

१९६७ चा कोयनेचा भूकंप आमच्या घरात अजून सांगितला जातो, माझी आजी तेव्हा पाटणला होती. त्याच कोयना भागाच्या अभ्यासासाठी कराडला केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे. तीन किलोमीटर खोल वेधनविवर, म्हणजे बोअर, घेतलंय, तिथले खडकाचे नमुने जगात दुसरीकडे मिळत नाहीत. महाबळेश्वरला ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा २०१२ पासून आहे. कसबे डिग्रजला हळद संशोधन केंद्र. म्हणजे मोठ्या संस्था आपल्या दाराशी आहेत. दर वेळी पुण्याकडेच का बघायचं? वायतुरा सरांना पावसाच्या उघडिपीची आकडेवारी महाबळेश्वरकडून मागता येईल की.

वायतुरा

हे मला सुचलंच नव्हतं. एकाच डोंगररांगेवरच्या दोन जागा. आजच पत्र लिहितो.

मिरजेचा_तंबोरा

एएनआरएफ या संशोधनाला निधी देणाऱ्या केंद्रीय संस्थेबद्दल थोडं लिहितो, कारण पुढचा पैसा तिथूनच येणार. २०२३ च्या कायद्याने ही संस्था झाली, निधी देणारं जुनं मंडळ एसईआरबी तिच्यात विलीन झालं. पाच वर्षांत पन्नास हजार कोटी असं जाहीर झालं आहे, पण त्यातले छत्तीस हजार कोटी सरकारबाहेरून, म्हणजे उद्योग आणि देणग्यांतून यायचे आहेत. ते किती येतात त्यावर सगळं ठरेल. तिची 'पेअर' नावाची योजना आपल्यासाठी महत्त्वाची आहे. एक मोठी संस्था मध्ये, तिच्याभोवती राज्य विद्यापीठं. पूर्ण जाळ्याला पाच वर्षांत शंभर कोटींपर्यंत, आणि त्यातला सत्तर टक्क्यांपर्यंतचा वाटा भोवतालच्या विद्यापीठांना. पैशाचा कल पहिल्यांदाच आपल्या बाजूला दिसतोय.

दोन अडचणीही कमी झाल्या आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून संशोधन अनुदानावरचा जीएसटी माफ झाला. जून २०२५ मध्ये वैज्ञानिक खरेदीच्या मर्यादा वाढल्या, दरपत्रकांशिवाय थेट खरेदी एक लाखाऐवजी दोन लाखांपर्यंत करता येते. मात्र त्या आपल्या संस्थेला कोणत्या योजनेत लागू होतात ते आधी तपासावं लागेल. खतावणी ताई, यावर तुमचं मत हवं.

खतावणी

सर, शासन निर्णय किंवा परिपत्रक हातात असल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. प्रत पाठवा, वाचून सांगते.

आणि एक सुचवते. प्रत्येक महाविद्यालयाला वेगळं संशोधन कार्यालय परवडणार नाही हे मला कळतं. पण सातारा-सांगलीतल्या आठ-दहा महाविद्यालयांनी मिळून एक माणूस नेमला तर? वाणिज्य शाखेचा, हिशेब येणारा, महिन्यातले दोन-दोन दिवस प्रत्येक ठिकाणी बसणारा. प्रकल्पाबरोबर संस्थेला प्रशासकीय खर्चापोटी जी रक्कम मिळते ती नेमकी यासाठीच असते. आज ती कुठे जाते? आमच्याकडे तिच्यातून रंगकाम झालं होतं.

वाईकर

रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुष्टिफंड काढला, घराघरातून मूठमूठ धान्य. दहा महाविद्यालयांनी मूठमूठ घालून एक माणूस उभा करायचा, ही कल्पना या मातीला परकी नाही.

नेट_सेट_२०११

त्या माणसाचं पद तेवढं अकरा महिन्यांचं करू नका, एवढीच विनंती.

वायतुरा

मी एक कागद केला आहे. प्रस्ताव पाठवण्याआधी काय, मंजुरी आल्यावर पहिल्या आठ दिवसांत काय, डिसेंबरात काय, फेब्रुवारीत काय. मंजुरीपत्राची प्रत त्याच दिवशी लेखा विभागात, पोच घेऊन. बिलं दर महिन्याच्या पाच तारखेला. संपलेल्या प्रकल्पाचा चार पानांचा मराठी अहवाल, ज्यांच्या रानात, सड्यावर किंवा टेबलावर काम झालं त्या सगळ्यांना. तासगावच्या दादांची आणि ताईंची सूचना यात एकत्र आली.

येत्या शनिवारी दुपारी चारला पोवई नाक्याजवळ एका मित्राच्या क्लासची खोली मोकळी आहे. ज्यांना जमेल त्यांनी यावं, पत्ता निरोपातून कळवतो. मिरजेच्या सरांचा तंबोऱ्याचा प्रस्ताव आणि माझा वायतुऱ्याचा प्रस्ताव, दोन्हींची अंदाजपत्रकं तिथेच समोर ठेवून तपासू. खतावणी ताई, तुम्ही सांगलीहून याल का? येण्याजाण्याचा खर्च आम्ही करू.

बागायतदार_तासगाव

मी गाडी घेऊन येणार हाय. ताईंना सांगलीतनं घेतो, परत सोडतो. खर्चाचं बघू नका.

खतावणी

येते. शनिवारी अर्धा दिवस रजा टाकते.

येताना मी १२-अ चे कोरे नमुने आणि खर्चाच्या विवरणाचा तक्ता आणते, भरून कसा दिसतो ते दाखवायला. तुम्ही दोघांनी अंदाजपत्रकाच्या तीन-तीन प्रती काढून आणा, आणि उपकरणाची दरपत्रकं ताजी घ्या. सहा महिन्यांपूर्वीची चालत नाहीत. वायतुरा सर, २०१५ ची ती फाईलही आणा. चौदा डबक्यांची नोंद मला बघायची आहे.